ब्रेक, ओळख आणि अप्रमाद

जुन्या मोटारी जपणाऱ्यांमध्ये एक वाद वर्षानुवर्षे चालत आला आहे. कारखान्यातून ड्रम ब्रेक लावून आलेल्या गाडीचे ते ब्रेक काढून त्या जागी डिस्क ब्रेक बसवावेत की नाही, असा तो वाद असून वरवर पाहता तो गॅरेजमधल्या कारागिरीचा आणि खर्चाचा प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात मात्र त्यात दोन निराळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. भाग बदलल्यावर वस्तू तीच राहते का, हा पहिला प्रश्न अस्तित्वाचा आहे. धावणारी जड वस्तू ज्याच्या ताब्यात आहे त्याचे रस्त्यावरच्या इतर जिवांप्रती कर्तव्य काय, हा दुसरा प्रश्न आचरणाचा आहे. बहुतेक चर्चा पहिल्याच प्रश्नाभोवती घुटमळते आणि दुसऱ्याची बोळवण ‘सुरक्षितता’ या एका शब्दावर होते, ही या वादातली मोठी उणीव आहे. भारतीय दर्शनांनी हे दोन्ही प्रश्न खोलवर हाताळले आहेत, आणि जैन परंपरेत तर उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्र या एकाच ग्रंथात दोन्हींचा विचार सापडतो.

पुढचा सारा विचार ब्रेकच्या रचनेवर उभा असल्यामुळे ती रचना आधी समजून घेणे आवश्यक आहे. चाकाबरोबर फिरणारा बिडाचा पोकळ, उथळ भाग म्हणजे ड्रम. त्याच्या आत, न फिरणाऱ्या पाटीवर, कमानीच्या आकाराचे दोन ब्रेकशू असतात आणि प्रत्येक शूच्या बाहेरच्या अंगाला घर्षणासाठी लायनर चिकटवलेला किंवा रिव्हेटने बसवलेला असतो. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधले ब्रेक ऑइल नळ्यांतून चाकापाशी असलेल्या व्हील सिलिंडरकडे लोटले जाते, तिथले दट्टे शूंना बाहेर ढकलतात आणि लायनर ड्रमच्या आतल्या भिंतीवर घासून चाकाला आवरतो. पुढच्या शूला फिरत्या ड्रमबरोबर त्याच्या भिंतीवर आणखी घट्ट ओढले जाण्याचा कल असतो, म्हणून पायाला बळ थोडेच लावावे लागते, आणि हा या जुन्या रचनेचा मोठा गुण आहे. तिचा दोष उष्णतेत आहे. गाडीची गती नाहीशी होत नाही, ती उष्णतेत बदलते. बंद ड्रममध्ये ही उष्णता कोंडते, ड्रम तापून प्रसरण पावतो आणि शूंपासून दूर सरकतो, लायनरची पकड घटते, आणि पेडल प्रत्येक वेळी आधीपेक्षा खाली जाऊ लागते. याला ब्रेक फेड म्हणतात. डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणारी तबकडी उघडी असते आणि कॅलिपर नावाच्या पकडीतले दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी दाबतात; त्यामुळे उष्णता हवेत निघून जाते, तबकडी तापून जाड झाली तरी ती पॅडच्या दिशेनेच होते, आणि पावसाचे पाणी तिच्यावर ठरत नाही.

या तुलनेत एक अतिशयोक्ती वारंवार केली जाते, तिची दुरुस्ती करणे न्यायाचे होईल. नीट जुळवलेला थंड ड्रम ब्रेकही चाक जागच्या जागी जॅम करू शकतो, आणि एकदाच थांबायचे असेल तर गाडी किती अंतरात थांबेल हे मुख्यतः टायर आणि रस्ता यांच्यातल्या पकडीवर ठरते. डिस्कचे श्रेष्ठत्व दिसते ते पुन्हापुन्हा ब्रेक लावताना, ओल्या रस्त्यावर, आणि डाव्या-उजव्या चाकांनी सारखे बळ धरून गाडी सरळ रेषेत थांबावी लागते तेव्हा. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना गाडी सुमारे ५०० मीटर खाली येते. या उतारात मुक्त होणारी ऊर्जा ताशी ६० किलोमीटर वेगातून जवळपास पस्तीस वेळा पूर्ण थांबण्याइतकी असते, आणि गाडी हलकी असो वा भरलेली, हे प्रमाण बदलत नाही. त्यातला काही भाग इंजिन आणि हवेचा रोध शोषून घेतात, म्हणूनच ज्या गिअरमध्ये घाट चढला त्याच गिअरमध्ये उतरावा अशी शिकवण जुने चालक देत असत. उरलेला सगळा भार त्या चार बंद ड्रमांवर पडत असे.

महाराष्ट्रात या वादाला सर्वांत परिचित असलेली गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. सोलापूरच्या एका जैन कुटुंबात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बनवायला घेतली, तिलाच १९७० च्या दशकात पद्मिनी हे नाव मिळाले, आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे रूप घेऊन ती २०२३ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत रस्त्यावर राहिली. तिचा पिंड ड्रम ब्रेकचा होता. पण इटलीत फियाटनेच १९६६ साली याच घराण्यातल्या ११०० आर या पुढच्या गाडीला पुढच्या चाकांसाठी डिस्क ब्रेक दिले होते. तोवर हे तंत्र काही नवखे राहिले नव्हते: १९५३ मध्ये ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार जिंकली होती आणि १९५५ पासून सित्रोएन डीएस ही मोठ्या संख्येने बनणारी गाडी ते वापरत होती. तेव्हा पद्मिनीला डिस्क बसवणारा मालक तिच्या स्वभावाविरुद्ध काही करतो, की तिच्या स्वतःच्या कुळाने जे पाऊल आधीच टाकले होते ते तिच्याकडून उशिरा टाकवून घेतो, हे ठरवायचे तर आधी गाडीचा ‘स्वभाव’ कशात असतो हे ठरवावे लागते.

न्याय-वैशेषिक दर्शनाचे उत्तर या बाबतीत सर्वांत कठोर आहे. या मतानुसार अवयवी, म्हणजे भागांतून बनलेली अखंड वस्तू, ही तिच्या अवयवांची नुसती बेरीज नसून त्यांच्यात समवाय नावाच्या अविभाज्य संबंधाने राहणारे एक स्वतंत्र द्रव्य असते. परंतु या स्वातंत्र्याची किंमतही मोठी आहे: अवयवांचा परस्परसंयोग तुटला की अवयवी नष्ट होतो. कापडातला एक धागा ओढून काढला तर जुने मोठे वस्त्र संपले आणि उरलेल्या धाग्यांचे एक नवे, किंचित लहान वस्त्र, ज्याला नैयायिक खंडपट म्हणतात, निर्माण झाले, असे हे दर्शन न कचरता म्हणते. मग “हे तेच कापड” अशी जी ओळख पटते, जिला प्रत्यभिज्ञा म्हणतात, ती सादृश्यावर आधारलेली ठरते. या न्यायाने डिस्कच काय, नुसता लायनर बदलला तरी गाडी दुसरी होते. हे ऐकायला टोकाचे वाटते, पण तंत्राच्या दृष्टीने त्यात एक महत्त्वाचे सत्य आहे आणि ब्रेक बदलणारे नेमके तेच विसरतात. कॅलिपरच्या मोठ्या दट्ट्यांना अधिक ऑइल लागते, तेव्हा जुना मास्टर सिलिंडर अपुरा पडू शकतो. डिस्कमध्ये शूसारखी आपोआप वाढणारी पकड नसते, तेव्हा पायाचे बळ वाढवणारा बूस्टर बहुधा लावावा लागतो. ड्रमसाठी नळीत थोडा दाब धरून ठेवणारी झडप तशीच राहिली तर पॅड तबकडीला सतत घासत राहतात. पुढचे बळ वाढून मागचे तेवढेच राहिले तर दोन्हींचा तोल नव्याने साधावा लागतो. आणि जुन्या रिमच्या आत कॅलिपर मावतो की नाही हेही पाहावे लागते. एका अवयवाने नवा अवयवी उभा केला, आणि नव्या अवयवीला नव्यासारखे तपासले नाही तर दोन चाकांवरच्या चकचकीत तबकड्या जुन्या ड्रमपेक्षा घातक ठरतात. वैशेषिकांचा कठोरपणा इथे अक्षरशः खरा ठरतो.

बौद्धांनी याच प्रश्नाकडे उलट दिशेने पाहिले. मिलिंदप्रश्न या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन यवन राजा मिलिंदाला त्याच्या रथाबद्दल विचारतो, आणि आस, चाके, साटा, जू, लगाम यांपैकी कोणताही भाग रथ नाही, त्यांची बेरीजही रथ नाही आणि त्यांच्यावेगळा असाही रथ कुठे सापडत नाही, हे राजाकडूनच कबूल करून घेतो. ‘रथ’ हे या भागांच्या आधाराने चाललेले एक व्यवहारनाम, म्हणजे प्रज्ञप्ती, ठरते. सातव्या शतकात चंद्रकीर्तीने ही छाननी सात अंगांनी पूर्ण केली आणि तरीही लोकव्यवहारात रथ चालतो, माल वाहतो, हे मान्य ठेवले. या भूमिकेतून पाहिले तर ‘अस्सल पद्मिनी’ नावाचे सत्त्व ड्रममध्ये शोधणे हाच मुळात भ्रम आहे.

ब्रेक हा भाग तर या भूमिकेची साक्षच देतो. जुन्या गाडीचे चाक उतरवून ड्रम हलकेच ठोकत बाहेर काढला की आतून काळसर भुकटी खाली सांडते. ती म्हणजे झिजलेला लायनर. लायनर कधी रिव्हेटच्या डोक्यांपर्यंत उतरलेला असतो, रिव्हेटनी ड्रमच्या भिंतीवर गोल चरे पाडलेले असतात, आणि वर्षानुवर्षांच्या झिजेने ड्रमच्या तोंडाशी एक कड उभी राहिलेली असते, जी लेथवर ड्रम फिरवून काढावी लागते. झिजणे हा लायनरला जडलेला रोग नव्हे, झिजण्यासाठीच तो असतो. प्रत्येक थांबण्याची किंमत तो स्वतःच्या अंगाने चुकवतो. मूळ लायनर अजून शाबूत असलेली, वर्षानुवर्षे चाललेली पद्मिनी असू शकत नाही. शिवाय त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे, ज्याची धूळ श्वासातून आत गेली तर कर्करोग आणि फुफ्फुसांचे असाध्य विकार होतात, आणि हवेच्या झोताने ड्रम साफ करण्याच्या रिवाजामुळे ती धूळ थेट मेकॅनिकच्या छातीत जात असे. अस्सलपणाचे कट्टर पुरस्कर्तेही आज ॲस्बेस्टॉसचा लायनर परत मागत नाहीत, आणि ते अगदी योग्य आहे. म्हणजे दुसऱ्याच्या शरीराला अपाय होत असेल तर अस्सलपणाने मागे हटावे, हे तत्त्व एका ठिकाणी सर्वांनी आधीच मान्य केलेले आहे.

तरीही केवळ व्यवहारनाम म्हणून ओळखीची वासलात लावणे अपुरे वाटते, कारण मालकाला वाटणारी ओढ आणि त्याला होणारे दुःख या गोष्टी खऱ्या असतात. जैन दर्शनाने इथे जो मार्ग काढला तो जास्त समाधानकारक आहे. तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात ‘सत्’, म्हणजे जे आहे ते, उत्पत्ती, नाश आणि स्थैर्य या तिन्हींनी एकाच वेळी युक्त असल्याचे सांगितले आहे. द्रव्य टिकते, त्याचे पर्याय म्हणजे अवस्था बदलत राहतात, आणि या दोन्ही बाजू तितक्याच वास्तव असतात. आचार्य समंतभद्रांनी आप्तमीमांसेत याचे मार्मिक उदाहरण दिले आहे: सोन्याचा घट मोडून मुकुट घडवला, तर घट हवा असणाऱ्याला शोक होतो, मुकुट हवा असणाऱ्याला हर्ष होतो, आणि सोने हवे असणारा समभावाने राहतो, आणि तिघांच्याही भावनेला वस्तूत आधार असतो. या दृष्टीने कारखान्याची मूळ घडण जशीच्या तशी हवी असणाऱ्याचे डिस्क पाहून होणारे दुःख सकारण आहे, आईवडिलांची गाडी मुलांना बसवून चालवू पाहणाऱ्याचे समाधानही सकारण आहे, आणि तीच गाडी राहिली की नाही याचे उत्तर अपेक्षेनुसार देताना कोणीही खोटे बोलत नाही. शासनानेही नकळत अशीच एक अपेक्षा निवडली आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी विंटेज हा वर्ग निर्माण झाला, तेव्हा मूळ रूप राखण्याची अट घालताना चासी, बॉडी आणि इंजिन यांतल्या फेरफारांचा नावाने उल्लेख झाला. ब्रेकचे नाव तिथे नाही. राज्यसंस्थेच्या लेखी गाडीचे द्रव्य सांगाड्यात आणि इंजिनात आहे आणि बाकी बरेच काही पर्याय आहे, असा याचा अर्थ घेता येतो.

अस्तित्वाचा प्रश्न असा सैल झाला म्हणजे आचरणाचा प्रश्न मोकळेपणाने समोर येतो. मोटारीच्या बहुतेक भागांतल्या उणिवा मालकाच्याच वाट्याला येतात. इंजिन दमले तर तो उशिरा पोहोचतो, रंग उडाला तर त्याचे मन खट्टू होते, स्टिअरिंगजवळच्या दांड्याने गिअर बदलताना त्यालाच कसरत पडते. ब्रेकची उणीव मात्र अशा माणसावर कोसळते ज्याने ती गाडी घेतली नाही, तिच्या अस्सलपणाचा आनंद भोगला नाही आणि तिच्या जोखमीला कधी संमती दिली नाही. रस्ता ओलांडणारी वृद्ध स्त्री, शाळेतून सुटलेले मूल, कडेला बसलेले कुत्रे यांच्या दृष्टीने गाडीचा एकच भाग महत्त्वाचा असतो. म्हणून ब्रेक हा मालकीच्या वस्तूतला असा भाग मानला पाहिजे ज्याच्यावर इतरांचा हक्क आहे, आणि मालक त्याचा केवळ विश्वस्त आहे.

हा हक्क नेमका कशाचा, हे तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायातील हिंसेच्या व्याख्येवरून उमगते. तिथे हिंसा म्हणजे केवळ प्राणघात असे म्हटलेले नाही; प्रमत्त योगाने, म्हणजे मन, वाणी आणि शरीर यांच्या बेसावध व्यापारामुळे झालेला प्राणघात, अशी तिची व्याख्या आहे. जैन आचार्यांनी यातून मोठा कठोर निष्कर्ष काढला: बेसावधपणे चालणाऱ्याच्या पायाखाली जीव मेला नाही तरी तो हिंसेचा धनी होतो, आणि पूर्ण सावधपणे चालणाऱ्याकडून अटळपणे जीव गेला तरी त्याला तसा दोष लागत नाही. अपघात झाला नाही म्हणून ब्रेक ठीक होते, असे म्हणणाऱ्याला या व्याख्येत आसरा नाही. पेडल खाली जाते हे ठाऊक असून दोनदोनदा पंप करत गाडी रेटणारा माणूस, कोणाला धक्का न लागताही, रोज हिंसा करत असतो. हे मत कडक आहे. पण जीव घेण्याची ताकद असलेल्या यंत्राच्या बाबतीत यापेक्षा सौम्य मत स्वीकारण्याचे कारण दिसत नाही.

नवव्या अध्यायात साधूच्या पाच समिती, म्हणजे सावध वर्तनाचे पाच नियम, आले आहेत आणि त्यांतली पहिली ईर्यासमिती चालण्याविषयी आहे. साधूने पुढची युगप्रमाण, म्हणजे जुवाच्या लांबीइतकी, सुमारे चार हात जमीन निरखत चालावे असे परंपरा सांगते. या मापात मोठा अर्थ आहे. माणसाच्या पायी चालीत पाऊल आवरायला जेवढे अंतर लागते, त्यापेक्षा ही निरखलेली जमीन जास्त असते. म्हणजे जिथवर पाहिले आहे त्याच्या आत थांबता येते. जैन साधू वाहनात बसत नाही, तेव्हा हा नियम मोटारीसाठी सांगितलेला नाही हे उघड आहे. परंतु गृहस्थालाही यतना, म्हणजे प्रत्येक क्रियेत जीवरक्षणाची काळजी, सांगितलेली आहे, आणि तिचे माप चाकावर काढायचे तर ते असेच काढावे लागेल. ताशी ६० किलोमीटर वेगात संकट दिसून पाय पेडलवर पडेपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढ्यात गाडी सुमारे १७ मीटर पुढे गेलेली असते आणि थांबण्याची क्रिया त्यानंतर सुरू होते. वेग दुप्पट झाला तर जिरवायची ऊर्जा चौपट होते. चालकाने निरखलेल्या अंतरात गाडी थांबू शकत असेल तर तो ईर्यासमितीच्या आशयाशी सुसंगत वागतो, आणि हे अंतर ब्रेक, टायर, पाऊस, उतार, वेग आणि त्याचे स्वतःचे लक्ष या सर्वांनी मिळून ठरते.

याच ठिकाणी डिस्कच्या पुरस्कर्त्यांनाही सावध करणे भाग आहे. चांगला ब्रेक बसवला की अप्रमाद, म्हणजे सावधपणा, आपोआप येतो असे नाही. उलट तो निसटण्याचीही शक्यता असते. १९८० च्या दशकात म्युनिकमध्ये टॅक्सींच्या एका ताफ्यातल्या काही गाड्यांना चाक जॅम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा होती आणि काहींना नव्हती. ब्रेक अधिक चांगला असूनही पहिल्या गटाचे अपघात अपेक्षेप्रमाणे घटलेले आढळले नाहीत, आणि त्या गटातले चालक वळणे अधिक वेगाने घेत व पुढच्या वाहनाशी कमी अंतर ठेवत असल्याचे निरीक्षकांना दिसले. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ जेराल्ड वाइल्ड यांनी अशा निरीक्षणांवरून माणूस आपल्याला सोसेल इतकी जोखीम ठरवून ठेवतो आणि यंत्राने दिलेली सूट वेगात खर्च करतो, असा सिद्धान्त मांडला. त्याच्या सार्वत्रिकतेबद्दल मतभेद आहेत, पण त्यातला इशारा टाळता येत नाही. ड्रम ब्रेकची गाडी चालवणाऱ्याला जी शिस्त अंगी बाणवावी लागते, म्हणजे पुढच्या वाहनापासून लांब राहणे, उतारावर खालच्या गिअरमध्ये राहणे, पाण्यातून बाहेर आल्यावर पेडलवर हलका पाय ठेवून लायनर सुकवणे, ठरलेल्या वेळी शू जुळवून घेणे, ती शिस्त हीसुद्धा त्या गाडीसोबत आलेला वारसा आहे. डिस्क बसवताना तो वारसा सोडून देण्याची गरज नाही, आणि तो सोडणाऱ्याने घेतलेला ब्रेक दुसऱ्याच्या रक्षणासाठी नसून स्वतःच्या घाईसाठी असतो.

सत्याचा प्रश्न त्यामानाने सरळ आहे. काढलेले ड्रम, शू आणि पाट्या तेल लावून जपणे, बदल परत फिरवता येईल अशा रीतीने करणे, म्हणजे मूळ स्टब ॲक्सल न कापता ब्रॅकेटवर कॅलिपर बसवणे, आणि गाडी विकताना बदल स्पष्ट सांगणे, एवढे पाळले तर कोणाची फसवणूक होत नाही. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या तुरीन सनदेनेही सुरक्षिततेसाठी करावे लागणारे बदल परत फिरवता येण्यासारखे असावेत आणि काढलेले भाग सांभाळून ठेवावेत, याच दिशेचा आग्रह धरला आहे.

या सर्व विवेचनाला एक मर्यादा आहे आणि ती डिस्कच्या विरुद्ध जाते. जी गाडी धावत नाही, संग्रहालयात उभी आहे, किंवा वर्षातून एखाद्या सकाळी अडवलेल्या रस्त्यावर मंद गतीने मिरवते, तिच्या ब्रेकवर परक्या माणसाचा हक्क जवळजवळ उरत नाही. तिथे पुढच्या पिढीचा हक्क उरतो, आणि त्या पिढीला १९६४ साली कुर्ल्यात गाडी कशी थांबवली जात होती हे शूच्या स्प्रिंगपासून ॲडजस्टरच्या दात्यांपर्यंत जसेच्या तसे पाहायला मिळाले पाहिजे. अशा गाडीचे ड्रम उतरवणे अनावश्यक आणि नुकसानकारक आहे. पण तीच गाडी दादरच्या बाजारातून, पावसाळ्यात, संध्याकाळच्या गर्दीत रोज चालवायची असेल, तर तिच्या मालकाने आधी पादचाऱ्याच्या जागी उभे राहून ब्रेककडे पाहावे, आणि ड्रम ठेवायचे असतील तर ते दर काही महिन्यांनी उघडून, लायनर मोजून, ऑइल बदलून, एअर काढून ठेवण्याचे कष्ट घ्यावेत. हे कष्ट घेण्याची तयारी नसेल, तर डिस्क बसवणे हे त्याच्या आवडीनिवडीवर सोडता येत नाही.